घरात लेकरू लहान आहे

मेहरूनआपांना लहान मुलं आवडत नसत, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवलीही नाही. शहाद्यात बाजाराच्या मागच्या बोळात त्यांचं गादी-रजईचं दुकान होतं. समोर थोडी मोकळी जागा. शाळा सुटली की तिथे पोरं क्रिकेट खेळत. चेंडू दुकानात आला की आपा तो परत देत नसत. हातातल्या गादीच्या कापसात सरळ कोंबायच्या आणि वरून टाके घालायच्या. "नवरदेवनी पाठले लागी तवय समजी," म्हणायच्या. तालुक्यातल्या निदान चार-दोन संसारांत जी कुरकुर होत असेल तिचं मूळ तिथे असावं, असा माझा अंदाज आहे.

मुलांखेरीज त्यांना पाहुणे, घासाघीस करणारी गिऱ्हाइकं, फोमच्या गाद्या आणि सरकारी नोकर आवडत नसत. मी सरकारी नोकर. जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. गावात सगळे मला डॉक्टर म्हणत. मी डॉक्टर आहे असं मी कधी म्हणालो नाही, आणि नाही असंही कधी म्हणालो नाही. आपा मला पहिल्या दिवसापासून 'डागदर' म्हणत आणि 'तू' म्हणत. मी नगरकडचा, अहिराणी कानाला नवी. त्यामुळे त्या मला झापतायत की माझी चौकशी करतायत हे कळायला मला सुरुवातीचे काही महिने लागले. बहुतेक वेळा झापतच असायच्या.

आमची ओळख दवाखान्यातच झाली. सकाळची वेळ, एका म्हशीला मी सुई टोचत होतो. तिच्या मागे, आपला नंबर धरून, साठीच्या एक बाई बसल्या होत्या. काळा बुरखा डोक्यावरून मागे टाकलेला, मांडीवर मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका. जनावर कुठे दिसेना.

"काय आणलंय?" मी विचारलं.

"उंदीर."

मला वाटलं, माझी अहिराणी कच्ची आहे. मग त्यांनी झाकण उघडलं. पिंजलेल्या पांढऱ्याशुभ्र कापसात सोललेल्या बदामाएवढे सहा गुलाबी जीव एकमेकांना चिकटून पडले होते. अंगावर केस नाही, डोळ्यांवर कातडी.

म्हशीचा मालक वाकून बघत म्हणाला, "आपा, दूध कितलं देतस?"

"तुन्ही म्हैसपेक्षा जास्त," आपा त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "आते सरक."

हकीकत साधी होती. एक जुनी गादी पिंजायला आली होती. आपांनी तिची शिवण उसवली, तशी आतून उंदरीण उडी मारून पळाली ती परत आलीच नाही. दिवसभर त्यांनी वाट पाहिली होती. "मीच तिन्हं घर फोडं," त्या म्हणाल्या. आवाजात दुःख वगैरे काही नव्हतं. हातून कप फुटला, हे सांगावं तसा.

"आपा, ही जगायची नाहीत," मी म्हणालो.

"मरतीन कसं ते माले मालूम शे. त्याकरता तुन्हाकडे काबर येसू? जगतीन कसं ते सांग."

उंदीर मारायचे कसे, याच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा माझ्या कपाटात होता. वाढवायचे कसे हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मांजराच्या आणि सशाच्या पोरक्या पिल्लांचं जे ठाऊक होतं ते सांगितलं. बकरीचं दूध, कोमट, थोडं पाणी घालून, दर दोन-तीन तासांनी. पाजून झालं की ओल्या कापसाने पोटाखाली हळू पुसायचं, आई चाटते तसं, म्हणजे लघवी होते. नाहीतर फुगून मरतात. ऊब कमी पडू द्यायची नाही. आणि ड्रॉपर वापरायचा नाही, दूध नाकात गेलं की संपलं.

 आपांनी खोक्यातलाच चिमूटभर कापूस घेतला, अंगठा आणि तर्जनीत दोनदा फिरवला, आणि सुईसारखी बारीक वात माझ्यापुढे धरली. "हाई दूधमा बुडाई चोखाले दिधं तं?"

चाळीस वर्षं कापूस हाताळलेली बोटं होती ती. अशी वात मला जन्मात वळता आली नसती. "चालेल," मी डॉक्टरी आवाजात म्हणालो.

त्या गेल्यावर रजिस्टर पुढे ओढलं. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी असे रकाने होते. मी 'इतर'खाली सहाचा आकडा टाकला. त्या वर्षीच्या अहवालात आमच्या तालुक्यात 'इतर' पशुधन वाढल्याचं दिसलं, त्याचं कारण हे.

तीन आठवड्यांनी आपा पुन्हा आल्या. मला वाटलं आभार मानायला.

"दोन मरी गये," त्या दारातूनच म्हणाल्या. "तू सांगं तसंच करं मी. तरी दोन मरी गये."

"म्हणजे चार जगली?" मी उडालोच.

"जगनारच. मी कसाले बठी व्हती मंग?"

तेव्हापासून मी संध्याकाळी घरी जाताना त्या दुकानाशी थांबू लागलो. कापूस पिंजायचं एक मशीन, कापसाचे ढीग, आणि हवेत सतत तरंगणारी कापसाची लव. मशीनवर याकूबभाई, आपांचे यजमान. मशीनच्या घरघरीने त्यांना निम्मं ऐकू येत नसे, आणि उरलेलं निम्मं आपांच्या आवाजाने भरून जाई. हा माणूस जन्मभर जुन्या गाद्या उसवत आला आणि उंदराला भयंकर घाबरायचा. गादी उसवायचं काम म्हणूनच आपांकडे असे. काही वळवळलं की याकूबभाई पाय वर घेऊन स्टुलावर बसत आणि माझ्याकडे बघून म्हणत, "भाईसाब, ज़रा देखना, गया क्या?"

वर्षातून तीन-चार वेळा तरी अशी पिल्लं निघायची. आपांचा खोका मशीनच्या मोटारीशेजारच्या फळीवर असे, तिथे ऊब राहते म्हणून. काम चालू असताना मधेच सुई कापडात टोचून त्या उठायच्या, एकेक पिल्लू तळहातावर घेऊन वात त्याच्या तोंडाशी धरायच्या. पाजून झालं की त्याला उजेडापुढे धरून बघायच्या. त्या वयात कातडी इतकी पातळ असते की पोटात गेलेलं दूध पांढऱ्या रेघेसारखं बाहेरून दिसतं. "टाकी भरनी," असं म्हणून दुसरं उचलायच्या. अंगाई नाही, लाडाचा शब्द नाही. "पी, मेल्या. सगळी दुपार तुन्हामांगे गयी मन्ही." त्यांच्या तोंडून याहून प्रेमळ काही मी ऐकलं नाही. नावं ठेवायला तर सक्त मनाई होती.

त्यांना स्वतःची चार मुलं. सगळी सुरतेकडे कामाला. त्यांच्याबद्दल विचारलं की म्हणायच्या, "चार वाढाया. चारी फोनवर इचारतस, माय, जेवनी का? " मग खोक्याकडे बोट दाखवून, "हाई बरं. डोळा उघडना का चालनं जास, इचारत नई."

यावरून वाचकांना आपा उंदरांच्या कैवारी वाटतील. तसं काही नव्हतं. दुकान बंद करताना त्या रोज न चुकता एक लोखंडी पिंजरा लावायच्या, आत भज्याचा तुकडा. सकाळी त्यात मोठा उंदीर सापडला की पिंजरा बोळाच्या टोकाला नेऊन दार उघडायच्या. तिथे एक बोका वेळेवर हजर असे. हे मी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मागे फळीवरच्या खोक्यात पाच पिल्लं होती, त्यांची दूध पिण्याची वेळ झाली होती, आणि आपा बोक्याकडून येऊन, हात धुऊन, वात वळायला बसल्या.

मला राहवलं नाही. "आपा, आज पाजताय तेच पिल्लू महिन्याने तुमच्या पिंजऱ्यात आलं तर?"

"ई तं ई." आलं तर येईल, एवढंच.

"मग बोक्यापुढे सोडणार?"

"तवय ते चोर म्हनीसन ई. आज ते पाव्हनं शे." मग माझ्याकडे पाहून, "तू सरकारी मानूस. तुले कायदा समजाले पायजे."

मला समजला नव्हता. अजूनही पुरता समजलेला नाही.

सुशीलाबाई या गोष्टीत आल्या त्या त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या निमित्ताने. बाजारात त्यांचं कापडाचं मोठं दुकान. घराणं तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं, जैन. आपा आणि त्या एकमेकींना पंचवीस वर्षं ओळखत होत्या, पण ती ओळख सगळी भांडणाची. कापूस कमी भरला, टाके लांब घातले, खोळ आटली. वऱ्हाडी मंडळींसाठी घरातल्या बारा जुन्या गाद्या पिंजून घ्यायच्या म्हणून त्या हातगाडीवर घेऊन आल्या आणि समोर उभ्या राहिल्या, कापूस बदलला जाऊ नये म्हणून. तिसरी गादी उसवली आणि पाच पिल्लं निघाली.

सुशीलाबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला. "अरे देवा! आपा, मारू नका हां. जीव आहे."

"नई मारत. घे मंग, ली जाय घर. तुन्हीच गादीना शेतस."

"माझ्या घरी? लग्नघर आहे हो!"

आपांनी पिल्लं खोक्यात ठेवली. "म्हनजे पुन्य तुन्हं आनि काम मन्हं," त्या म्हणाल्या. "दूध तरी धाड."

हे सुशीलाबाईंना लागलं असावं. दुपारी नोकराबरोबर तांब्याभर दूध आलं. आपांनी बोट बुडवून चाखलं आणि परत पाठवलं. गायीचं होतं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते असं, की शहाद्यातल्या मोठ्या कापड दुकानाच्या मालकीणबाई उन्हात एका बकऱ्यावाल्याच्या अंगणात स्टीलचा पेला धरून उभ्या आहेत, आणि तो त्यांना विचारतोय, "कितलं जोयजे?" आणि त्या म्हणतायत, "चार चमचे."

मग त्या रोज येऊ लागल्या. पहिल्यांदा पेला द्यायला, नंतर बसायला. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वात धरली. पाचव्या दिवशी एक पिल्लू गेलं. सुशीलाबाई रडायला लागल्या. मी काही तरी समजुतीचं बोलायला गेलो, तेवढ्यात आपा म्हणाल्या, "रडू नको. बाकीनास्नं दूध थंड व्ही जाई." सुशीलाबाईंनी डोळे पुसले आणि पुढचं पिल्लू उचललं. पंचवीस वर्षांत त्यांनी आपांचं पहिल्यांदाच उलट उत्तर न देता ऐकलं असेल.

नवव्या दिवशी घोटाळा झाला. कुण्या गिऱ्हाइकाने आपांचा मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. मागे नव्या कोऱ्या गाद्यांची चळत, पुढे आपा, तळहातावर उंदराचं पिल्लू. खाली लिहिलं होतं, 'तुमच्या गादीत काय आहे?' संध्याकाळपर्यंत तो गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. मला तो चार जणांकडून आला. चौघांनीही खाली हसण्याच्या खुणा टाकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक आपापल्या गाद्या परत न्यायला येऊ लागले. अर्धवट उसवलेल्या, तशाच. लग्नसराईचे दिवस, आपांची वर्षाची कमाई याच दीड महिन्यात व्हायची. एकाने तोंडावर सांगितलं, "आम्ही फोमच्या घेऊ." आपा कुणाशी भांडल्या नाहीत. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

दुपारी याकूबभाईंनी आपल्या हाताने मशीन बंद केलं. एवढी शांतता त्या दुकानात मी कधी ऐकली नव्हती. ते म्हणाले, "मेहरून, अब सोच ले. या तो ये रहेंगे, या दुकान."

आपांनी खोक्यात पाहिलं. चार पिल्लं, अंगावर आता राखाडी लव आलेली, डोळे मिटलेलेच.

"दुकान बंद करो," त्या म्हणाल्या.

याकूबभाईंना म्हणायचं होतं ते याच्या नेमकं उलट होतं. पण त्यांना वाटलं आपणच नीट ऐकलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नीट ऐकलं होतं.

"डोळा उघडाले पाच-सहा दिन. आठ दिन बंद," आपा म्हणाल्या. "डागदर, पाटी लिही दे."

मी पुठ्ठा घेतला. "आजारपणामुळे, असं लिहू?"

"कोन आजारी शे? खोटं काबर लिहस?"

"मग काय लिहू?"

"लिही, घरमा लेकरू धाकलं शे."

मी शुद्ध मराठीत लिहिलं, 'दुकान आठ दिवस बंद. घरात लेकरू लहान आहे.' याकूबभाईंनी ती पाटी शटरला बांधली.

बोळातल्या बायकांनी ती वाचली आणि आपांच्या कोणत्या मुलीचं बाळंतपण झालं याचा हिशेब करू लागल्या. दोघी तर झबलं-टोपडं घेऊन घरी पोचल्या. आपांनी त्यांना आत बसवलं, चहा पाजला आणि खोका पुढे केला. एक ओरडून पळाली. दुसरी बराच वेळ पाहत राहिली, मग आणलेलं लोकरीचं टोपडं काढून म्हणाली, "आपा, थंडी लागत असेल हो, हे घाला खाली." ही गोष्ट त्या बाईंनीच मला पुढे सांगितली, आणि आपण असं का बोललो याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं.

चौदाव्या दिवशी मी आपांच्या घरी गेलो तेव्हा सुशीलाबाई आधीच तिथे होत्या. लग्न दहा दिवसांवर आलेलं, घरात शंभर कामं, आणि बाई चटईवर मांडी घालून खोक्यात पाहत बसलेल्या. एका पिल्लाचा एक डोळा उघडला होता. मोहरीसारखा काळा, चकचकीत. ते डोकं हलवून आपांकडे पाहत होतं.

"दुनियामा ऊनं आनि पहिलं तोंड मन्हं दखं," आपा म्हणाल्या. "बिचारं!"

सुशीलाबाई हसल्या. मग म्हणाल्या, "आपा, गाद्या?"

"ली जाय. उसवेल शेतस. फोमन्या ली ले."

सुशीलाबाईंनी त्याच संध्याकाळी बाराही गाद्या घरी नेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, भर बाजारातून, दोन हातगाड्या निघाल्या. वर त्याच बारा गाद्या. त्या पुन्हा आपांकडे चालल्या होत्या. पुढे सुशीलाबाई पायी. मागच्या बोळाने दोन मिनिटांत जाता आलं असतं. त्यांनी मुख्य रस्त्याने, एकेका दुकानापुढून, पाऊण तास घेतला. जो विचारेल त्याला मोठ्याने सांगत होत्या, "मुलीच्या लग्नाच्या गाद्या. आपांकडे चालल्यात भरायला." मी दवाखान्यातून मुद्दाम बाहेर येऊन पाहिलं.

त्यानंतर गिऱ्हाईक हळूहळू परत आलं. सगळं नाही, निम्म्याहून थोडं जास्त. ज्यांना फोमची चटक लागली ते गेलेच. ते तसेही गेले असते. सुशीलाबाईंच्या बारा गाद्या वेळेत भरून झाल्या, इतक्या सुंदर की मी हात फिरवून पाहिला. लग्नात वऱ्हाडाला लॉजवर उतरवलं होतं. त्या गाद्यांवर कुणी झोपलं नाही.

पुढे माझी बदली धडगावला झाली. तिथे शेळ्या-बैलांतून डोकं वर काढायला मिळायचं नाही. आपा गेल्या त्याला आता वर्ष होईल. त्याच्या काही महिने आधी मी एका बैठकीसाठी जीपने घाट उतरून शहाद्याला आलो होतो, तेव्हा त्या दिसल्या त्या शेवटच्या.

दुकानात याकूबभाई एकटेच होते. खुणेने म्हणाले, नदीवर, वाढलेले उंदीर सोडायला. आपांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ऑपरेशन त्या पुढे ढकलत होत्या. मी गोमाईच्या काठाला गेलो. दुपार कलली होती. बाभळींच्या खाली, दगडांच्या ढिगाशी, दोघी उभ्या होत्या. सुशीलाबाईंनी खोका जमिनीवर आडवा ठेवला होता. आपा त्यांच्या खांद्याला धरून, चेहरा भलत्याच दिशेला करून उभ्या.

"गये का?" त्यांनी विचारलं.

"चालले."

उंदीर एकेक करत बाहेर येत होते, थबकत होते, आणि दगडांत शिरत होते. मी सहा मोजले. सातवा खोक्याच्या काठावर येऊन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसू लागला. त्याला कसलीच घाई नव्हती.

"सगळा गये?"

सुशीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आलोय हे आपांना कळलं नव्हतं.

"गेले सगळे," सुशीलाबाई म्हणाल्या.

"मांगे वळी दखं का कोनी?"

"नाही."

"हाई बरं," आपा म्हणाल्या. "चल. घर रजई पडेल शे." आणि वळल्या. सुशीलाबाईंनी निघताना मला हाताने खोक्याकडे लक्ष ठेवायची खूण केली.

दोघी चढाने वर जाऊ लागल्या. आपा सुशीलाबाईंना काहीतरी सुनावत होत्या, बहुधा टाक्यांबद्दल; काठीसारखा हात हवेत उगारत होत्या. बाभळीवर एक कावळा येऊन बसला होता. मी खोक्याजवळ गेलो आणि त्या सातव्याच्या आणि कावळ्याच्या मध्ये उभा राहिलो. बैठकीला उशीर झालेला. काठावरून जाणाऱ्या ओळखीच्या एकाने विचारलं, "डॉक्टर, काय हरपनं का?"

"काही नाही," मी म्हणालो. वर पाहिलं तेव्हा आपांची काळी पाठमोरी आकृती चढ संपवून रस्त्याला लागली होती. आवाज अजून ऐकू येत होता.